शिक्षकांच्या परिषदेत सत्र घ्यायचंय? – या भागाचं लेखी रूप

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ नाही, किंवा एसटीत बसल्यावर आवाज नीट येत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लेखी रूप देतेय. बोलताना येणारे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे छाटलेत, बाकी जसं बोलले तसंच आहे.

आजचा विषय तुमच्यातूनच आलाय. गेल्या महिन्याभरात सारख्याच आशयाचे बरेच व्हॉइस मेसेज आले. कुणी डी.एल.एड. संपवून नुकतंच शाळेत लागलंय, कुणी बी.एड. करतंय, कुणी खासगी शाळेत संगणक शिकवतंय. आणि कुणीतरी त्यांना म्हटलंय, “तुम्ही मोबाईलवर ते काहीतरी छान करता ना, मग परिषदेत एक सत्र घ्या की!” मेसेजचा शेवट एकच: “मॅडम, हो म्हणून बसलोय. आता काय करू?”

तर शिक्षणातल्या तंत्रज्ञानाच्या परिषदेत शिक्षकांसमोर सत्र कसं घ्यायचं, त्याबद्दल आज बोलू. मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते. अशी सत्रं घेतली आहेत, आणि त्याहून कितीतरी जास्त सत्रांना मागच्या रांगेत बसलेय. मागच्या रांगेतून जास्त शिकायला मिळतं, हे आधीच सांगून ठेवते.

आधी हिशेब करू. समजा तुमचं सत्र चाळीस मिनिटांचं आहे आणि समोर पन्नास शिक्षक आहेत. पन्नास गुणिले चाळीस, दोन हजार मिनिटं. म्हणजे तेहतीस तास वीस मिनिटं. एका शिक्षकाचे शाळेतले जवळजवळ सहा दिवस तुम्ही एका बैठकीत वापरताय. आता त्यातली एक बाई द्विशिक्षकी शाळेतली आहे असं धरा. पहिली ते चौथीचे वर्ग, शिक्षक दोन. ती परिषदेला आली, म्हणजे त्या दिवशी दुसऱ्या शिक्षकाच्या गळ्यात चारही वर्ग. तिथली मुलं त्या दिवशी पाढे म्हणत बसतात, नाहीतर चित्रं काढतात. एवढं मोजून ती तुमच्यासमोर बसलीय, आणि तुम्ही तिला ‘एकविसाव्या शतकातील कौशल्ये’ या विषयावर बारा स्लाइड दाखवल्या, तर परत जाऊन ती त्या दुसऱ्या शिक्षकाला काय सांगेल? चहा चांगला होता, एवढंच.

मी हे भीती घालायला सांगत नाहीये. पण सत्र ठरवताना पहिला प्रश्न “मी काय दाखवू?” असा नसतो. “ती बाई सोमवारी वर्गात काय करेल?” हा असतो. पुढचं सगळं त्यातून निघतं.

आता परिषदा कुठं कुठं असतात ते पटकन. जगात गाजलेल्या दोन. एक अमेरिकेतली आयएसटीईची, दर उन्हाळ्यात, दरवर्षी वेगळ्या शहरात. २०२४ ला डेन्व्हरला होती, २०२५ ला सॅन अँटोनिओला. दुसरी लंडनची बेट, जानेवारीत भरते; ती मुख्यतः प्रदर्शन आहे, कंपन्यांच्या स्टॉलची जत्राच. आपल्याकडे विद्यापीठांच्या, शिक्षक संघटनांच्या, संस्थांच्या परिषदा होतात. आणि सगळ्यात जवळची, सगळ्यात कमी लेखली जाणारी परिषद म्हणजे केंद्राची शिक्षण परिषद. महिन्यातून एकदा, केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक, एखाद्या शाळेचा मोठा वर्ग, सतरंजी किंवा बाकं, आणि केंद्रप्रमुखांची हजेरीची वही. माझं स्पष्ट मत आहे की पहिलं सत्र तिथंच घ्या. तिथले लोक तुमच्या मुलांना ओळखतात, तुमच्या गावाची वीज कधी जाते तेही त्यांना माहीत असतं. तिथं खोटं खपत नाही.

आयएसटीईची एक गोष्ट मात्र आपण उचलण्यासारखी आहे. तिथं सगळी सत्रं भाषणासारखी नसतात. एक प्रकार पोस्टरचा असतो. तुम्ही एका टेबलाशी उभे राहता, मागे पोस्टर, समोर तुमचं साहित्य, कधी सोबत विद्यार्थीसुद्धा. लोक येतात, पाच मिनिटं थांबतात, प्रश्न विचारतात, पुढं जातात. लाजऱ्या माणसासाठी हे वरदान आहे. पन्नास लोकांसमोर एकदा बोलण्याऐवजी दोघांशी पंचवीस वेळा बोलायचं. दहाव्या वेळेपर्यंत तुमचं तुम्हालाच कळतं, कुठलं वाक्य लोकांना समजतं आणि कुठल्या वाक्याला ते मोबाईल काढतात. आपल्या शिक्षण परिषदेत हे सहज जमेल. वर्गाच्या चार कोपऱ्यांत चार टेबलं, झालं.

छोट्या सत्रांचेही साचे आहेत. पेचाकुचा नावाचा प्रकार २००३ साली टोकियोत सुरू झाला: वीस स्लाइड, प्रत्येकी वीस सेकंद, स्लाइड आपोआप पुढं सरकते. इग्नाइटमध्ये वीस स्लाइड, प्रत्येकी पंधरा सेकंद, एकूण पाच मिनिटं. ऐकायला मजा येते, पण शिक्षकांना काही करायला शिकवायचं असेल तर हे साचे कामाचे नाहीत. हात चालवायला वेळच मिळत नाही.

बरं, आता विषय कसा निवडायचा? इथं मला रणजितसिंह डिसले सरांचं उदाहरण द्यायचंय. माढा तालुक्यातल्या परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा, सोलापूर जिल्हा. २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिली. ही बातमी सगळ्यांना पाठ आहे. पण सत्र घेणाऱ्यानं बघायची गोष्ट वेगळी आहे. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापायचा आणि तो स्कॅन केला की त्या धड्याची कविता, व्हिडिओ, प्रश्न समोर यायचे. ही कल्पना एका वाक्यात सांगता येते की नाही? मी आत्ता सांगितली. करायला काय लागतं? प्रिंटर आणि कुणाचा तरी एक फोन. क्यूआर कोड काही शाळेसाठी जन्मला नव्हता. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीनं १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला तो काढला. कुणीतरी तो उचलून चौथीच्या पुस्तकात आणला. आज आपल्या पाठ्यपुस्तकांत तो आहेच.

म्हणून माझी कसोटी साधी. तुमची कल्पना शेजारच्या शाळेतल्या, मोबाईलवर फक्त व्हॉट्सअ‍ॅप वापरणाऱ्या गुरुजींना एका वाक्यात सांगा. त्यांनी “मग?” असं विचारलं तर कल्पना अजून कच्ची आहे. “मला कसं करता येईल?” असं विचारलं तर सत्र तयार आहे.

मोठ्या परिषदेत आधी प्रस्ताव पाठवावा लागतो. आयएसटीईसारख्या ठिकाणी तो परिषदेच्या कित्येक महिने आधी मागतात. सत्राचा उद्देश, मिनिटांनुसार आराखडा आणि तुमच्या म्हणण्याला आधार काय, हे सगळं त्यात लिहायचं असतं. आपल्याकडे बऱ्याचदा गूगल फॉर्ममध्ये शीर्षक आणि दीडशे शब्दांचा सारांश. शीर्षकात अ‍ॅपचं नाव घालू नका, अडचणीचं नाव घाला. ‘अध्यापनात तंत्रज्ञानाची भूमिका’ हे शीर्षक असलेली सत्रं मी इतकी पाहिलीत की कुठलं कुणाचं ते आठवत नाही. ‘एक फोन, चाळीस मुलं, दहा मिनिटांत उजळणी’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला आपला वर्ग दिसतो.

हे शीर्षक माझ्याच एका सत्राचं आहे, आणि तेच आता उलगडून सांगते. कारण नुसत्या सूचना ऐकून काही होत नाही.

सत्र होतं प्लिकर्सवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्लिकर्समध्ये प्रत्येक मुलाला एक छापलेलं कार्ड मिळतं. कार्डावर काळा-पांढरा चौकोनी नमुना, क्यूआर कोडचा चुलतभाऊ म्हणा. प्रत्येक कार्डाचा नमुना वेगळा, क्रमांक वेगळा. चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. मुलाला उत्तर बी वाटलं तर बीची बाजू वर करून कार्ड धरायचं. बाईंनी आपला फोन वर्गावरून फिरवायचा. कॅमेरा सगळी कार्डं वाचतो आणि कुणी काय उत्तर दिलं ते स्क्रीनवर येतं. मुलांकडे फोन लागत नाही. नमुने वेगळे आणि अक्षरं बारीक, त्यामुळे शेजारच्याचं बघून कॉपी करणंही अवघड. चाळीस कार्डांचा संच मोफत छापून घेता येतो.

मी सत्राची सुरुवात स्वतःच्या ओळखीनं करत नाही. लोक आत येतानाच हातात कार्ड देते. सगळे बसले की फळ्यावर एकच प्रश्न: ०.५ मोठा की ०.३५? ए म्हणजे ०.५, बी म्हणजे ०.३५, सी म्हणजे दोन्ही समान, डी म्हणजे सांगता येत नाही. आणि शिक्षकांना सांगते, “तुमचं उत्तर नकोय. तुमच्या वर्गातला गणितात मागे पडणारा मुलगा आठवा, तो काय उत्तर देईल ते धरा.”

सभागृहात एकदम हशा पिकतो आणि मग शांतता. बहुतेकजण बी धरतात. कारण सगळ्यांना माहीत असतं, मुलं म्हणतात पस्तीस पाचापेक्षा मोठे. आपण मोठ्यानं वाचताना ‘पॉइंट पस्तीस’ असं वाचतो, त्यानं ही चूक आणखी पक्की होते. ‘पॉइंट तीन पाच’ असं वाचलं तर निदान खतपाणी तरी मिळत नाही.

मग मी फोन फिरवते, आकडे पडद्यावर येतात. आणि इथं मी थांबते, कारण बरीच सत्रं नेमकी इथंच संपतात. “बघा, किती छान ग्राफ आला!” टाळ्या. अहो पण वर्गातल्या चाळीसपैकी सतराजणांना ०.३५ मोठा वाटतोय, हे कळल्यावर बाईंनी करायचं काय? अ‍ॅपचं काम संपलं, शिक्षकाचं आता सुरू झालं. हे जर सत्रात आलं नाही, तर तुम्ही फक्त कार्डं विकलीत.

पुढचा भाग मी एरिक माझूर यांच्याकडून घेतलाय. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एक पद्धत आणली: प्रश्न विचारा, प्रत्येकानं एकट्यानं उत्तर द्यायचं, बरोबर उत्तर सांगू नका, मग शेजारच्याला पटवून द्यायला लावा, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. यंत्र असो नसो, हात वर करूनही चालतं. सभागृहात मी हेच करवते. दोन मिनिटं शेजारच्याशी भांडा. एकानं त्या मुलाची बाजू घ्यायची, एकानं ०.५ ची. तेव्हा शिक्षकांच्या तोंडून जे उपाय येतात, ते माझ्या स्लाइडमध्ये कधीच नसतात. एका सरांनी शिंप्याची टेप काढली: अर्धा मीटर म्हणजे पन्नास सेंटिमीटर, ०.३५ मीटर म्हणजे पस्तीस, ठेव बोट दोन्हीवर. एक बाई म्हणाल्या, पैशांनी सांगायचो पूर्वी, पण आताच्या मुलांनी पन्नास पैसे पाहिलेतच कुठं! दोन्ही मी वहीत लिहून घेतलं.

मग अर्धा वेळ त्यांच्या हातात. प्रत्येकानं आपल्या विषयाचा एक प्रश्न लिहायचा. अट एकच, चुकीचे पर्याय उगाच भरलेले नकोत, मुलं खरोखर करतात त्या चुका हव्यात. हे दिसतं त्याहून अवघड आहे. ‘उन्हाळा का येतो?’ या प्रश्नाला ‘सूर्य थंड होतो’ असा पर्याय ठेवून उपयोग नाही, तो कुणीच निवडणार नाही. ‘पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते’ हा पर्याय ठेवा, अर्धा वर्ग तिकडे जाईल. आणि मग सांगायला मजा येते, की पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, आपण स्वेटर घालून शाळेत येतो तेव्हा! ‘झाडाला अन्न कुठून मिळतं?’ याला ‘मुळांतून, मातीतून’ हा पर्याय हवाच. मराठीच्या बाईंनी ‘आशिर्वाद’ आणि ‘आशीर्वाद’ शेजारी ठेवले, तर सभागृहातले निम्मे शिक्षकच चुळबुळायला लागले. (दुसरा बरोबर.)

शेवटची पाच मिनिटं मी ठेवते ‘काय चालत नाही’ याला. नेट लागतं. चकचकीत लॅमिनेशन केलं तर उजेड परावर्तित होतो आणि कार्ड वाचलं जात नाही, मॅट करा नाहीतर जाड कागद वापरा. मुलं नमुन्यावर बोटं ठेवतात, पहिले दोन दिवस फक्त कार्ड कसं धरायचं यातच जातात. मोफत खात्याला मर्यादा आहेत. आणि कार्डं गोळा करून क्रमानं लावणं हे एक स्वतंत्र काम आहे, त्यासाठी वर्गमंत्री नेमा. ही पाच मिनिटं काढून टाकायचा मोह होतो, कारण वाटतं आपल्या कल्पनेची किंमत कमी होईल. मला उलटा अनुभव आलाय. ही यादी सांगितली की लोक पेन काढतात. तोवर त्यांना वाटत असतं, ही जाहिरात आहे.

आता सभागृहाबद्दल. हे कंटाळवाणं आहे, पण सत्र बुडतं ते बहुतेक इथंच.

मराठीत स्लाइड करणाऱ्यांनी फॉन्टकडे लक्ष द्या. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेलं तुमच्या लॅपटॉपवर सुंदर दिसतं. आयोजकांच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा गोपाळकाला. कारण त्या जुन्या फॉन्टमध्ये आत साठवलेली अक्षरं इंग्रजीचीच असतात, वरून फक्त मराठी अक्षराचं चित्र चढवलेलं असतं. युनिकोडमध्ये टाइप करा, आणि तरी एक पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर ठेवाच. पीडीएफ पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. स्लाइडचा फोटो काढून पाठवला तर तो आक्रसून येतो आणि मागच्या रांगेला काही वाचता येत नाही.

जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीए लागतं, नव्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय असतं. ती छोटी जोडणी स्वतःची घेऊन जा. व्हिडिओ आधीच डाउनलोड करून ठेवा. सभागृहाच्या वायफायवर पन्नास फोन चिकटलेले असतात. आणि वीज गेली तर? माझ्याकडे प्रत्येक सत्राची एक बिनविजेची आवृत्ती असते. प्लिकर्सची बिनविजेची आवृत्ती म्हणजे चार रंगांचे चार कागद. मुलगा रंग धरतो, बाई डोळ्यांनी मोजतात. नोंद राहत नाही, पण ०.३५ वाले किती ते कळतं. खरं सांगायचं तर तालुक्याच्या ठिकाणी मे महिन्यात वीज गेलेली असताना घेतलेलं रंगीत कागदांचं सत्र माझं सगळ्यात रंगलं होतं.

आता असा विषय, ज्यावर कुणी प्रशिक्षण देत नाही. उद्घाटन!

तुमच्या पत्रिकेवर लिहिलेलं असतं: सत्र पहिलं, साडेदहा ते सव्वाअकरा. दहाला दीपप्रज्वलन ठरलेलं असतं, पाहुणे येतात पावणेअकराला. मग स्वागतगीत, रोप देऊन सत्कार (शाल-श्रीफळ मागे पडलं, पण वेळ तेवढाच लागतो), प्रास्ताविक, मनोगत, दुसरं मनोगत, अध्यक्षीय समारोप. तुमच्या हातात माइक येतो तेव्हा सव्वाबारा झालेले असतात, जेवणाचा वास सुटलेला असतो आणि आयोजक कानाशी येऊन म्हणतात, “मॅडम, वीस मिनिटांत आवरता येईल का?”

यावर चिडून उपयोग नाही. पाहुण्यांनाही कुणीतरी बोलावलेलं असतं, आणि परिषदेला सभागृह, जेवण, परवानगी बऱ्याचदा त्यांच्यामुळेच मिळालेली असते. त्यामुळे मी चाळीस मिनिटांचं सत्र बनवतानाच त्यातलं वीस मिनिटांचं सत्र आखून ठेवते. भराभर बोलून चाळीस मिनिटं वीसमध्ये कोंबायची नाहीत. माझ्या सत्रात वीस मिनिटं मिळाली तर काय राहतं? पहिला प्रश्न, शेजारच्याशी चर्चा, आणि चांगले चुकीचे पर्याय कसे लिहायचे ते. अ‍ॅपमध्ये खातं कसं उघडायचं ते सगळं कागदावर दिलेलं असतं, ते घरी वाचता येतं. लक्षात घ्या, तंत्रज्ञानाच्या सत्रातून सगळ्यात आधी काय काढलं, तर तंत्रज्ञान.

आता जरा गंभीर. मुलांचे फोटो आणि माहिती.

एका परिषदेत मी मागच्या रांगेत होते. वक्ते उत्साहानं दाखवत होते, त्यांनी शाळेची माहिती एका स्प्रेडशीटमध्ये कशी सुरेख जमवलीय. पडद्यावर खऱ्या मुलांची खरी नावं, जातीचा रकाना, पालकांचे मोबाईल नंबर. वर्गातल्या साठ-सत्तर शिक्षकांनी सवयीनं फोन वर केले आणि फोटो काढले. कुणाचाच हेतू वाईट नव्हता. पण ती यादी त्या दिवशी साठ-सत्तर फोनमध्ये गेली, आणि तिथून कुठं गेली ते कुणीच सांगू शकणार नाही. त्या यादीतल्या एखाद्या मुलीच्या आईला अनोळखी नंबरवरून फोन आला, तर तिला कधी कळेल का तो नंबर कुठून गेला?

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल धरलीय, आणि मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते असं म्हटलंय. त्यातली कलमं तुमच्या सत्राला कशी लागू होतात, याचा कीस काढत बसण्यापेक्षा सरळ नियम पाळा. डेमोसाठी खोट्या नावांचा वर्ग तयार करा. मी माझ्या डेमो वर्गात मुलांना भाज्यांची नावं दिलीत. पडद्यावर ‘दोडका: बरोबर, कारलं: चूक’ असं आलं की लोक हसतातही. फोटो दाखवायचाच तर पाठमोरा, हातांचा, वहीचा. पोषण आहाराच्या रांगेचा, फाटक्या गणवेशाचा फोटो तर अजिबात नको. तुमची कहाणी त्यानं करुण होते, पण त्या मुलाला कुणी विचारलेलं नसतं.

आणि निकालांबद्दल बोलताना जपून. “हे अ‍ॅप वापरलं आणि मुलांचे गुण वाढले” असं सर्रास म्हणतात. सहा महिन्यांत मुलं मोठीही झाली, तुम्ही जास्त उजळणीही घेतली, आणि दुसरी चाचणी कदाचित सोपी होती. किती मुलं, किती दिवस, आधी काय होतं, नंतर काय झालं, एवढं सांगा आणि थांबा. ‘माझ्या वर्गात असं झालं’ हे वाक्य पुरेसं मोठं आहे. शिक्षक त्यावर विश्वास ठेवतात, कारण त्यांच्या वर्गातही काही ना काही होतच असतं.

कंपनीनं सत्रासाठी तुम्हाला टॅब दिला असेल, प्रवासखर्च दिला असेल, तर पहिल्याच मिनिटाला सांगून टाका. नंतर कुणी शोधून काढलं तर तुमचं खरं बोलणंही वाया जातं.

आता तुमचे दोन-तीन प्रश्न घेते.

एकानं विचारलंय, “मॅडम, समोर तीस वर्षं नोकरी झालेले गुरुजी बसलेले असतात. मी तेवीस वर्षांचा. माझं कशाला ऐकतील?” अरे, त्यांना शिकवायला जाऊच नकोस. त्यांना विचार! “सर, दशांश अपूर्णांकात मुलं सगळ्यात जास्त कुठं चुकतात?” असं तू विचारलंस की ते दहा मिनिटं बोलतील, आणि त्यातून तुझे चुकीचे पर्याय तयार. त्यांच्याकडे तीस वर्षांच्या चुका साठलेल्या आहेत, तुझ्याकडे त्या चुका पाच सेकंदांत मोजायचं साधन आहे.

दुसरा प्रश्न एका ताईंचा: “राष्ट्रीय परिषदेत निवड झालीय, पण माझं इंग्रजी कच्चं आहे.” स्लाइडवर इंग्रजीत कमी शब्द ठेवा, चित्रं जास्त, आणि लोकांच्या हाताला काम द्या. लोक स्वतः करत असताना तुमचं व्याकरण कुणी तपासत नाही. पहिली चार वाक्यं आणि शेवटची दोन पाठ करा, मधलं आपोआप येतं. आणि अडलं तर हिंदीत बोला, मराठीत बोला, सभागृहात कुणीतरी सांगणारं असतंच.

तिसरा: “सत्र झाल्यावर पुढं काय?” व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढू नका, शिक्षकांच्या फोनमध्ये आधीच पुष्कळ आहेत. एक पानाचं टिपण द्या, दोन्ही बाजूंनी छापलेलं: एका बाजूला पायऱ्या, दुसऱ्या बाजूला सत्रात त्यांनीच लिहिलेल्या प्रश्नांतले चांगले सहा. खाली तुमचा नंबर द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी बाहेर जाताना पाच-सहा जणांचे नंबर घेते आणि पंधरा दिवसांनी एकच मेसेज करते: “कार्डं वापरली का? अडलं कुठं?” सहापैकी दोघा-तिघांचं उत्तर येतं. त्या अडचणी पुढच्या सत्राच्या शेवटच्या पाच मिनिटांत जातात. लॅमिनेशनची गोष्ट मला अशीच एका बाईंकडून कळली होती.

ज्यांचं सत्र पुढच्या महिन्यात आहे त्यांनी शीर्षक आणि पहिला प्रश्न मला व्हॉइस मेसेजवर पाठवा, एक मिनिटाच्या आत. जमतील तेवढे पुढच्या भागात वाजवू आणि त्यावर बोलू. पुढच्या भागात माझ्याबरोबर एक केंद्रप्रमुख असणार आहेत, आणि त्यांना मी विचारणार आहे की उद्घाटन अर्ध्या तासात उरकलेली परिषद त्यांनी कधी पाहिलीय का. भेटू!